तरुणांच्या वर्गात तारण शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

पाळकसाहेबांनी भक्तीनंतर बाजूला घेऊन "येत्या महिन्यापासून तरुणांचा वर्ग तुम्ही बघा" असं सांगितलं, की नवे शिक्षक बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. तयार धड्यांचं पुस्तक आणतात, नाहीतर स्वतः शब्बाथशाळेत जे ऐकलं तेच पुढे सांगायला लागतात. दोन्हींनी वर्ग चालतो. मुलं येतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून बसतात, योहान ३:१६ घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांना तारण कळलंय की नाही, हे मात्र कुणालाच कळत नाही.

हा लेख मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या शिक्षकांसाठी आहे. वर्ग साधारण आठवी ते बारावीचा, वेळ भक्तीनंतरचा पाऊण तास. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत धर्मशिक्षणाची घडी वेगळी असते, तरी तिथल्या शिक्षकांनाही यातलं बरंच काही वापरता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपली मुलं टक्केवारीत वाढतात. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल. जे मिळतं ते कमवावं लागतं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की सुवार्ताही ती त्याच कानांनी ऐकतात. चर्चला हजेरी लावली, प्रार्थना केली, खोटं बोललं नाही, की गुण जमा होत जातात आणि शेवटी देव निकाल लावतो. पाप, वधस्तंभ, पुनरुत्थान सगळं शिकवून झाल्यावरही हा हिशेब आत तसाच राहू शकतो. वर्गाचं खरं काम हा हिशेब मोडण्याचं आहे.

आधी विचारा, मग शिकवा

पहिल्या रविवारी धडा घेऊ नका. कागदाच्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहू नका म्हणून बजावा आणि एकच प्रश्न द्या : "देवाने तुला का स्वीकारावं?" पाच मिनिटं द्या. चिठ्ठ्या घडी घालून डब्यात टाकायला सांगा आणि घरी जाऊन वाचा.

उत्तरं साधारण ठरलेल्या घरांत पडतात. "मी कोणाचं वाईट करत नाही." "मी दर रविवारी येतो." "आमचं घर पहिल्यापासून विश्वासी आहे." एखादा नुसतं "माहीत नाही" लिहितो, आणि त्याच्याशी बोलणं सगळ्यात सोपं जातं. क्वचित कुणी "येशू माझ्यासाठी मेला म्हणून" असं लिहितं. ते वाचून लगेच हुरळून जाऊ नका, पाठ केलेलं उत्तरही असंच दिसतं. चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवू नका आणि अक्षर ओळखून कुणाला टोकूही नका. पुढचे धडे कुठे जोर देऊन घ्यायचे, एवढंच त्यांतून बघायचं.

स्वतःचं उत्तर लिहून काढा

तोच प्रश्न स्वतःला विचारा आणि दहा ओळींत उत्तर लिहा. अट एकच : चर्चबाहेरच्या माणसाला कळेल अशी भाषा हवी. 'नीतिमान ठरणे', 'प्रायश्चित्त', 'नवा जन्म' हे शब्द न वापरता लिहून बघा, म्हणजे त्यांतलं किती आपल्याला खरंच समजलंय ते कळतं. नंतर हे शब्द वर्गात आणायचेच आहेत. पवित्र शास्त्रात ते आहेत, मुलांना ते ओळखीचे व्हायला हवेत. फक्त आधी गोष्ट, मग शब्द.

मग पाळकांबरोबर अर्धा तास बसा. आपली मंडळी बाळांचा बाप्तिस्मा मानते की कळत्या वयात स्वतः कबुली दिल्यावरचा? कन्फर्मेशनचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास कळत्या वयात स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग वेगळा होतो का? तारण झालेला माणूस ते गमावू शकतो का, यावर मंडळी काय शिकवते? १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे, दोन्ही त्यात होते. त्यामुळे एकाच वर्गात दोन प्रकारच्या घरांतली मुलं बसलेली असू शकतात. तुम्ही एक सांगितलं आणि पाळकांनी दुसरं, तर मुलं दोघांवरचाही विश्वास काढून घेतात.

गोष्टीच्या क्रमाने चला

तारणाचे चार मुद्दे आणि प्रत्येकाखाली एक वचन, अशी पत्रकं मिळतात. उजळणीला ती ठीक आहेत, सुरुवातीला नकोत. गोव्यात काम केलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभी एक प्रसंग येतो : प्रश्नोत्तरांतली शिकवण मिळत असूनही गोव्यातले नवे ख्रिस्ती जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी वाचायला मागतात. त्यातून सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला आणि १६१६ मध्ये छापला गेला. त्यातही ख्रिस्ताचा जन्म लगेच येत नाही. ग्रंथाचा पहिला भाग, 'पहिलं पुराण', सगळा जुन्या कराराचा आहे. चारशे वर्षांनंतरही हा क्रम बदलावा असं मला वाटत नाही.

आठ-नऊ रविवार धरा. उत्पत्ती ३ मध्ये आदाम झाडांआड लपतो आणि देव "तू कोठे आहेस?" असं विचारतो, तिथून सुरू करा. शोधायला आधी देव निघाला, हे पहिल्याच दिवशी कळू द्या. मग निर्गम १२, वल्हांडणाची रात्र. त्यानंतर गणना २१ मधला, मोशेने खांबावर उंच केलेला पितळी सर्प. तो येशू आणि निकदेम या परूश्याच्या संभाषणात पुन्हा येतो, योहान ३:१४ मध्ये, पाठ असलेल्या सोळाव्या वचनाच्या अगदी आधी. मुलांना ही जागा स्वतः शोधू द्या. पाठ असलेल्या वचनामागे एवढी जुनी गोष्ट उभी आहे हे बघून वर्ग हमखास जागा होतो. पुढे लूक १५, मग वधस्तंभ, मग पुनरुत्थान. रोमकरांस पत्र ३ आणि इफिसकरांस पत्र २ शेवटी. पौलाचा युक्तिवाद गोष्टीनंतरच पचतो.

वधस्तंभाचा धडा उपवासकाळात आला तर उत्तमच. गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायला बहुतेक मंडळ्यांत माणसं शोधावी लागतात. एक उद्गार तुमच्या वर्गाला मागून घ्या. दोन-तीन मुलांनी मिळून तयार केलेली पाच मिनिटं त्यांना तुमच्या पाच धड्यांपेक्षा जास्त शिकवतील.

बोलणं वीस मिनिटांवर नेऊ नका. पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, असं प्रेषितांची कृत्ये २० मध्ये लिहिलंय. पौल त्याला जिवंत करू शकला. आपण आपलं वेळेत थांबलेलं बरं.

लूक १५ ला दोन रविवार द्या

सगळ्या धड्यांत हा एक घाई न करता घ्या. टक्केवारीचा हिशेब इथेच मोडतो.

पहिल्या रविवारी उधळ्या पुत्राची, म्हणजे वाटणी घेऊन घर सोडणाऱ्या आणि सगळं उधळून परतणाऱ्या धाकट्या मुलाची, गोष्ट पात्रं वाटून वाचून घ्या : निवेदक, बाप, धाकटा. मग मुलांना १८-१९ आणि २१ ही वचनं शेजारी शेजारी ठेवायला सांगा. डुकरं राखताना धाकट्याने बापासमोर म्हणायचं भाषण मनात जुळवलंय. त्यात तीन गोष्टी आहेत : मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो किती बोलतो? मुलं बोट ठेवून शोधतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "मोलकऱ्याचं राहिलं." राहिलं कसं? बापाने तिथवर येऊच दिलं नाही. तो चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगून मोकळा झाला. धाकट्याची योजना कमवून राहण्याची होती, आणि नेमकी तीच ओळ बोलायची राहून गेली. एवढं दिसलं की गप्प राहा. त्यावर लगेच प्रवचन सुरू करू नका.

दुसरा रविवार घरीच राहिलेल्या थोरल्या भावाचा. तुमच्या वर्गात खरे उधळे फार नसतील. थोरले मात्र भरपूर असतात : वेळेवर येणारे, गायनात पुढे असणारे, नाताळच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणारे. थोरला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतोय, आणि मला एक करडूसुद्धा मिळालं नाही. विचारा, याची तक्रार चुकीची आहे का? बहुतेकांना ती रास्त वाटते. वाटू द्या, भांडू द्या. मग दाखवा की बाप त्यालाही शोधत बाहेर आला आणि समजूत काढू लागला. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. ते मुलांना लिहायला सांगा, चार ओळीत, घरून. जो मुलगा "तो नाही गेला" असं लिहितो, त्याच्याशी पुढच्या आठवड्यात निवांत बोला.

पाप शिकवताना भीती घालू नका

पाप टाळून तारण शिकवता येत नाही. कशातून सुटका, हे कळायलाच हवं. पण नरकाची वर्णनं करून रडवणं, मेणबत्त्या लावून दिवे घालवणं, मे महिन्याच्या शिबिरात शेवटच्या रात्री शेकोटीभोवती "कोण कोण येशूला स्वीकारतं, हात वर करा" असं विचारणं, हे मला पटत नाही. झोप कमी झालेली, दोस्तांनी हात वर केलेले, गिटार वाजतंय. अशा वेळी चौदा वर्षांचा मुलगा कशालाही हात वर करेल. मग पुढच्या मे महिन्यात तोच मुलगा पुन्हा हात वर करतो आणि अहवालात तारण पावलेल्यांचा आकडा वाढत जातो.

पापाबद्दल बोलताना मुलांच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण घ्या : मित्राचा फोटो ग्रुपवर टाकून केलेली चेष्टा, आईशी बोलण्याचा सूर, कॉपी. आणि पाप म्हणजे चुकांची यादी एवढंच ठेवू नका. आदाम लपला, तिथे परत या. देवापासून लांब पळणं आणि त्याच्यावाचून आपलं आपण भागवणं हे मूळ, बाकी त्याच्या फांद्या. स्वतःच्या आयुष्यातलं एखादं उदाहरण द्या, पण मुलांना पेलेल इतकंच. शिक्षकाची सगळी गुपितं ऐकणं हे त्यांचं काम नाही.

अवघड प्रश्न येणारच

पहिला बहुधा हाच येतो : "माझी आजी हिंदू होती, खूप चांगली होती. ती कुठे आहे?" आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नसतो. कुणाच्या आईचं माहेर हिंदू, कुणाचे काका बौद्ध, दिवाळीचा फराळ घरोघरी जातो. इथे झटकन निकाल देऊ नका, कुठल्याच बाजूने. तारण ख्रिस्ताद्वारे आहे हे आपण शिकवतो, आणि न्याय देवाच्या हाती आहे हेही शिकवतो. उत्पत्ती १८ मध्ये अब्राहाम देवाला विचारतो की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? हे वचन काढून मुलाबरोबर वाचा. आजीबद्दल विचारा, तिच्याविषयी बोलू द्या. दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवून आपली शिकवण पक्की होत नाही. उलट मुलाला शेजाऱ्यांत मान खाली घालावी लागते.

दुसरा : "कृपाच आहे तर मग काहीही करावं, माफी मागावी." हा प्रश्न आला तर खूश व्हा, कृपा नीट शिकवली गेली याची ती खूण आहे. पौलालाही तो ऐकावा लागला होता, रोमकरांस पत्र ६ त्यानेच सुरू होतं. उत्तरासाठी लूक १९ मधला श्रीमंत जकातदार जक्कय घ्या. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, हे तो कधी म्हणतो? येशू त्याच्या घरी आल्यावर. आधी परतफेड, मग भेट, असा सौदा झाला नाही. रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे तीन भागही याच क्रमाने जातात : माणसाची दुर्दशा, त्याची सुटका, आणि मग कृतज्ञता. चांगली कृत्यं तिसऱ्या भागात येतात. याकोबाचं "क्रियांवाचून विश्वास निर्जीव" इथे बरोबर बसतं, आणि इफिसकर २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नाही) शिकवल्यावर सत्कृत्यांबद्दलचं दहावं वचन गाळायचं नाही.

"वधस्तंभावरच्या चोराने शेवटच्या क्षणी आठवण कर म्हटलं, आणि त्याचं काम झालं?" हो, झालं. इथे सारवासारव करू नका.

ज्याचं उत्तर येत नाही, तो प्रश्न वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी काहीतरी घेऊन या. विसरलात तर मुलं विसरत नाहीत.

भाषेकडे लक्ष द्या

इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचतात आणि सगळ्यांसमोर वाचायला लावलं की पुढच्या रविवारी येत नाहीत. अवघड उतारा आदल्या दिवशी ग्रुपवर पाठवा, जोडीने वाचायला द्या, इंग्रजी प्रत शेजारी उघडी असली तरी हरकत घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. समजेल असं सांगण्यासाठी एवढे कष्ट घेतलेले लोक आपल्याच घरातले आहेत.

घर आणि नियम

शिक्षकाला आठवड्यातला पाऊण तास मिळतो, बाकीचा वेळ घराचा. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता असं पौल लिहितो. तेव्हा आईवडिलांना निदान एवढं कळवा की या महिन्यात काय चाललंय, आणि घरच्या प्रार्थनेत वाचायला तोच उतारा द्या. मात्र विश्वास घराबरोबर आपोआप येतो असं पालकांना वाटू देऊ नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये, त्यांच्या त्यांना पटल्यावर. नवरा कवी आणि उपदेशक असूनही मधली वर्षं कुणाला पुसता आली नाहीत. रमाबाईंनी तर पुढे स्वतःच लिहिलं की १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षं गेली. ही दोन उदाहरणं पालकांच्या बैठकीत सांगा, विशेषतः "आमचा अजून कन्फर्मेशनला का बसत नाही" असं विचारणाऱ्यांना.

काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. वर्गात दोन मोठी माणसं हवीत. कुठल्याही मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत एकट्याने बोलायचं नाही, दार उघडं हवं. ग्रुपवर एखादे पालक असावेत, रात्री उशिरा खासगी मेसेज नकोत. वर्गातल्या कुणाबरोबर दुसऱ्या धर्मातला मित्र आला तर त्याचं स्वागत करा, पण अठराखालचा असेल तर घरी सांगून आलाय का हे आधी विचारा आणि त्याच्या आईवडिलांशी बोला. त्यांना माहीत नसताना त्याला प्रार्थना म्हणायला लावणं, काही कबूल करून घेणं, अजिबात नाही. खाऊ, सहल, फी यांपैकी काहीही विश्वासाला जोडायचं नाही.

कुणी म्हणालं, "मला येशूला स्वीकारायचंय"

बहुधा हे वर्गात होत नाही. खुर्च्या आवरताना एखादी मागे रेंगाळते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग म्हणते. हातातलं काम बाजूला ठेवा. आधी ऐका : हे आत्ताच का वाटलं? तिला काय समजलंय, तिच्या शब्दांत सांगू दे. "म्हणजे येशूने आधीच केलंय, मला फक्त हो म्हणायचंय" असं काही आलं तर पुरे. "आता मी एकदम नीट वागेन" एवढंच आलं तर पुन्हा धाकट्याच्या भाषणाकडे जा.

प्रार्थना तिची तिला करू द्या. "माझ्यामागून म्हण" म्हणत वाक्य वाक्य सांगण्याची पद्धत आहे, मी ती टाळतो. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना, "हे देवा, मज पापी माणसावर दया कर", एका ओळीची होती. सुचत नसेल तर शांत बसा, ते चालतं. नंतर तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करा. टाळ्या, स्टेजवर बोलावणं, पुढच्याच रविवारी साक्ष द्यायला लावणं नको. घरी ती स्वतः सांगेल की तुम्ही बरोबर जायचं, ते तिला विचारा, आणि पाळकांना कळवा. बाप्तिस्मा किंवा कन्फर्मेशन पुढे मंडळीच्या रीतीने होईल. तुमचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतं : काय वाचलंस, काय नाही पटलं, कुणाशी भांडण झालं? मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय रोज एक याप्रमाणे द्या. दोन महिने तरी तिची विचारपूस सोडू नका.

ज्याला काहीच वाटत नाही, तोही येत राहिला पाहिजे. त्याला "अजून तुझं काय?" असं विचारत राहू नका. वर्गात त्याला काम द्या.

आणि बारावीचा निकाल लागला की हालचाल करा. श्रीरामपूर, संगमनेर, जालन्याकडची मुलं पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत चर्च सुटतं. प्रवेश ठरला की त्या भागातली मंडळी शोधा, तिथल्या पाळकांना किंवा युवक संघाच्या कुणाला फोन करून मुलाचं नाव सांगा, आणि त्याच्या फोनमध्ये पत्ता आणि भक्तीची वेळ सेव्ह करून द्या. पहिल्या रविवारी कुणीतरी हॉस्टेलच्या गेटवर घ्यायला येईल एवढं जमलं, तर फारच चांगलं.